तीन डबे, एक पुडी आणि आईचा खुबा

*नमस्कार डॉक्टर,*

*मी सांगलीची. वय ५३. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची साठ हजारची पुडी दिली. आठवड्याला एक, अशा आठ. बरं वाटलं म्हणून मी ती थांबवलीच नाही. आता चौदा महिने झाले. नंतर आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये हाडांचं मोफत शिबिर झालं. टाच एका मशीनमध्ये ठेवायला लावली आणि हाडं ठिसूळ व्हायला लागलीत म्हणाले. तिथंच ४,८०० रुपयांचं गोळ्यांचं पॅकेज घेतलं. तेव्हापासून सकाळी एक, रात्री एक चालू आहे. दिवाळीला पुतण्या अमेरिकेहून आला, तो हाडांसाठीच्या गमीचा डबा घेऊन. रोज दोन खाते. गोड लागतात, म्हणून हेही अधूनमधून एखादी तोंडात टाकतात (यांना दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता). जाऊबाईंनी कोलॅजेनची पावडर दिली आहे, ती अजून फोडलेली नाही.*

*थायरॉइडची गोळी सकाळी उठल्यावर घेते. पन्नासची होती, चार महिन्यांपूर्वी पंचाहत्तरची केली. शेजारच्या काकू म्हणतात, हे सगळं सोड आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून खा.*

*माझी आई ७१ व्या वर्षी न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला, ती पुन्हा धड चालली नाही. ती वेळ माझ्यावर येऊ नये एवढंच वाटतं. हल्ली बद्धकोष्ठ फार वाढलंय, तोंडाला कोरड पडते, रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं, पण ते वयामुळं असेल. यातलं नेमकं काय घेऊ आणि किती? डब्यांचे फोटो आणि दिवसभराचं खाणं लिहून सोबत पाठवतेय.*

सांगलीच्या ताई,

तुम्ही विचारलंत ‘काय घेऊ’, आणि मी सुरुवात करणार आहे ‘काय थांबवा’ इथून. पुडी आजपासून बंद. शिबिरातल्या गोळ्या आणि गमी, रक्ताचे रिपोर्ट हातात येईपर्यंत बंद. थायरॉइडची गोळी चालू ठेवायची, तिला हात लावायचा नाही. याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, डबे पिशवीत घालून जा, आणि रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), व्हिटॅमिन डीची पातळी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी, गोळी कमी पडली की हा आकडा वाढतो) आणि साखर एवढं बघून घ्या. मळमळ-उलट्या सुरू झाल्या, ग्लानी आली किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर मात्र आठवड्याची वाट बघू नका. सरळ दवाखाना गाठा.

एवढी घाई का, तर बद्धकोष्ठ, कोरड आणि रात्रीची लघवी या तीन गोष्टी तुम्ही पत्राच्या शेवटी ‘वयामुळं असेल’ म्हणून उरकून टाकल्यात. पेशंट महत्त्वाचं ते नेहमी दाराशी चपला घालताना सांगतात. रक्तात कॅल्शियम वाढलं की नेमक्या याच तीन तक्रारी येतात. तहान आणि लघवी मधुमेहातही वाढते, म्हणून साखर तपासायला सांगितली. कदाचित काहीच निघणार नाही, कारण कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीनं नुसतं बद्धकोष्ठही होतं. पण तुमच्या फोटोंवरून मी बेरीज मांडली, आणि ती मला आवडली नाही.

आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साधारण साडेआठ हजार युनिट. दोन गमींचे मिळून १,०००. झाले साडेनऊ हजार. तुमच्या वयाला रोजची गरज ६०० युनिटची, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ४,००० च्या वर जाऊ नये अशी मर्यादा. शिबिराच्या गोळीवर बारीक अक्षरात ‘कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम’ लिहिलंय. हे साधं डी नव्हे. आपलं मूत्रपिंड साध्या डीपासून गरजेपुरतं जे सक्रिय रूप बनवतं, ते हे. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांना, पॅराथायरॉइड ग्रंथी काढलेल्यांना ते द्यावं लागतं. धडधाकट मूत्रपिंडाच्या बाईला दिवसातून दोनदा ते का द्यावं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. साधं डी पोटात गेलं तर त्यातलं किती वापरायचं हे शरीर ठरवतं. कॅल्सिट्रिऑल दिलं की ती किल्ली आपण शरीराच्या हातून काढून घेतो.

आता कॅल्शियम. दोन गोळ्यांचे १,००० मिलिग्रॅम, दोन गमींचे ५००, जेवणातले सुमारे ७०० (ते कसे, पुढं सांगते). बेरीज २,२००. पन्नाशीनंतर सगळं धरून दोन हजारांची वरची मर्यादा आहे.

तुमच्या डॉक्टरांनी चूक केली नाही. डी कमी असेल तर आठ आठवडे साठ हजार देणं ही आपल्याकडची रुळलेली पद्धत आहे. चुकलं ते नवव्या आठवड्यात. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघता दिली आणि तुम्ही घेत राहिलात. डी पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठतं. जास्त झालेलं बी किंवा सी व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जातं, तसं याचं होत नाही. आणि जास्त घेतलं म्हणून हाड जास्त भक्कम होतं, असंही दिसलेलं नाही. कॅनडात कॅलगरीला लोकांचे तीन गट करून रोज ४००, ४,००० आणि १०,००० युनिट असं तीन वर्षं दिलं. २०१९ मध्ये निकाल आला, तेव्हा मोठ्या मात्रेवाल्यांच्या मनगटाजवळच्या हाडाची घनता ४०० वाल्यांपेक्षा कमी भरली. त्याआधी २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाचा निकाल आला होता. सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट एकदम दिले होते. त्या बायका न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

आता थायरॉइडची गोष्ट. तुमच्या पत्रात ही मला सगळ्यात रंजक वाटली. सकाळी सहाला थायरॉक्सिन (तुमची थायरॉइडची गोळी) आणि साडेसहाला नाश्त्याबरोबर कॅल्शियमची गोळी, असं तुम्ही वेळापत्रकात लिहिलंय. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं आणि रक्तात नीट जाऊ देत नाही. दोन्हींमध्ये निदान चार तासांचं अंतर लागतं. म्हणजे बहुधा असं झालं असावं की शिबिराच्या गोळ्या सुरू झाल्या, थायरॉक्सिन अंगी लागेना, टीएसएच वाढलं, म्हणून पन्नासची पंचाहत्तर झाली. आता सकाळचं कॅल्शियम बंद केलंत की पंचाहत्तरची पूर्ण मात्रा रक्तात जाणार, आणि ती तुम्हाला जास्त होऊ शकते. थायरॉइड संप्रेरक जास्त झालं की हाड झिजतं, आणि पाळी गेलेल्या बाईत जरा जास्तच. हाडांसाठी घेतलेल्या गोळीनं अशा फिरून फिरून हाडं झिजवायची वेळ येते! म्हणून टीएसएच आत्ता एकदा आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी बघायचं. मात्रा डॉक्टर ठरवतील, तुम्ही आपली आपण कमी करू नका. घरात कुणी लोहाची गोळी घेत असेल तर तीही कॅल्शियमपासून लांब ठेवायची.

मग कॅल्शियम घ्यायचंच नाही का? घ्यायचं, पण तूट असेल तेवढं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे आकडे दिले, त्यात पाळी गेलेल्या बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय. हे १,२०० गोळीचे नव्हेत, दिवसभराच्या सगळ्या खाण्याचे. इथंच बहुतेक जणी घसरतात. १,२०० वाचतात आणि १,२०० च्या गोळ्या घेतात, जणू जेवणात काही नसतंच.

तुमच्या वहीतला दिवस घेऊ. दोन वेळच्या चहात मिळून १०० मिलिलिटर दूध, त्याचे १२०. दुपारी वाटीभर दही, २०० धरा. तिळाची चटणी चमचाभर, रोज. शाबास, कारण न सोललेल्या तिळात १०० ग्रॅमला १,२०० मिलिग्रॅमच्या पुढं कॅल्शियम असतं. दहा ग्रॅमचे १२० तरी झाले. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी या सगळ्यांचे मिळून २५०. एकूण सातशेच्या आसपास. तूट पाचशेची.

ही तूट पातेल्यातून भरता येते. रात्री पेलाभर दुधाचे २४०. दूध सोसत नाही, पोट डब्ब होतं, असं तुम्ही लिहिलंय, तर दही अजून एक वाटी किंवा पनीर. ताकावर भिस्त ठेवू नका. आपलं पातळ ताक तहानेला उत्तम, पण त्यात दह्यापेक्षा पाणीच जास्त. एका वेळच्या ज्वारीऐवजी नाचणीची भाकरी केलीत तर ५० ग्रॅम पिठाचे १७५ ते १८० मिळतील. नाचणीतलं सगळंच शरीराला मिळत नाही, तिच्यातले फायटेट त्याला अडवतात. भिजवून, मोड आणून किंवा आंबवून खाल्ली तर ते कमी होतात. आपल्या आज्या आंबील करत होत्या, ती यात बसते. पालकाच्या बाबतीत मात्र फसू नका. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेटनं असं बांधलेलं की पाच टक्केच हाती लागतं. शेवग्याचा पाला त्याहून पुष्कळ बरा. घरात मासे चालत असतील तर काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी, सुकट, जवळा, यांना तोड नाही. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि दूध घ्या. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. सोमवारी त्याची खिचडी खाऊन हाडांना काही मिळत नाही.

हे सगळं रोज जमेलच असं नाही. सुनेचं बाळंतपण असतं, लग्नसराई असते, प्रवास असतो. रिपोर्ट नीट आले आणि जेवणात पाचशेची तूट राहतेय असं दिसलं, तर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, रात्रीच्या जेवणाबरोबर. बस्स. एका वेळी पाचशेच्या वर आतडं नीट शोषत नाही, त्यामुळं हजारची गोळी म्हणजे निम्मे पैसे संडासात. पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम’ वाचून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका, त्यातलं खरं कॅल्शियम ५०० असतं. ‘एलिमेंटल’ या शब्दापुढचा आकडा वाचायचा. कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्यायचं, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. ज्या बायका वर्षानुवर्षं रिकाम्या पोटी आम्लपित्ताची गोळी घेतात, त्यांना कार्बोनेट नीट पचत नाही. त्यांनी सायट्रेट मागावं, ते कधीही चालतं आणि त्यानं बद्धकोष्ठाचा त्रासही कार्बोनेटपेक्षा कमी होतो. शाकाहारी असाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा, बऱ्याच गोळ्यांतलं कॅल्शियम समुद्री शिंपल्यांपासून काढलेलं असतं. आणि आयुर्वेदिक म्हणून घेतात ती प्रवाळ, मौक्तिक शुक्ती, शंख भस्म यांतही मुख्यतः कॅल्शियमचेच क्षार असतात. ‘ते वेगळं, हे वेगळं’ म्हणून दोन्ही घेऊ नका.

काकूंचा चुना. गव्हाचा दाणा साधारण चाळीस-पन्नास मिलिग्रॅमचा. तेवढा चुना अगदी कोरडा धरला तरी त्यात कॅल्शियम पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ओल्या चुन्यात त्याहूनही कमी. म्हणजे चार चमचे दुधात असतं तेवढं. ज्या दह्यात तो कालवायचा, त्या दह्यातच त्याच्या कितीतरी पट आहे. काकूंचा फायदा होतोय तो दह्याचा. आणि चुना जास्त पडला तर तोंड, अन्ननलिका भाजते, हे वेगळं सांगायला नको.

डीचं पुढं काय, हे रिपोर्ट सांगेल. पातळी भरपूर असेल, आणि माझा तसा अंदाज आहे, तर काही महिने काहीच घ्यायचं नाही. नंतर रोजच्या छोट्या मात्रेवर राहायचं. उन्हाबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाकते. ‘कोवळ्या उन्हात बसा’ असं आपण पिढ्यान्पिढ्या सांगतो. मनाला, झोपेला ते चांगलं, पण डी बनवणारे अतिनील किरण सकाळी सातच्या उन्हात जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा ते येतात, साधारण अकरा ते दोन. बाल्कनीच्या काचेतून ते आत येत नाहीत. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालायला भर उन्हात जाणाऱ्या बायका काही न वाचता हे करत होत्या. एप्रिलमध्ये सांगलीच्या दुपारी अर्धा तास उभ्या राहा असं मी म्हणणार नाही. थंडीत हात-पाय-चेहरा उघडा ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा, पुष्कळ झालं.

आता तुमचा खरा प्रश्न. आईचा खुबा.

हाड ही भिंत नव्हे. ते सतत पोखरलं जातं आणि सतत भरलं जातं. पोखरणाऱ्या पेशींना आवर घालायचं काम इस्ट्रोजेन करतं. पाळी गेली की तो आवर सुटतो. पहिल्या पाच-सात वर्षांत झीज सगळ्यात जोरात होते, वर्षाला दोन टक्क्यांपर्यंतही जाते. तुम्ही आत्ता नेमक्या त्या वर्षांत आहात. कॅल्शियम हा कच्चा माल. माल कमी पडत असेल तर तो द्यायलाच हवा, पण माल आणून टाकला म्हणून पोखरण थांबत नाही.

अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६,२८२ बायकांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी, निम्म्यांना खोटी गोळी, असं सात वर्षं. २००६ मध्ये निकाल छापून आला. गोळीवाल्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता एखाद्या टक्क्यानं जास्त होती. खुबा मोडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. उलट १९९२ चा फ्रान्सचा अभ्यास बघा. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ८४ वर्षांच्या ३,२७० आज्यांपैकी निम्म्यांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट डी दिलं, आणि दीड वर्षात त्यांच्यात खुबे मोडण्याचं प्रमाण खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरलं. गोळ्या जवळपास त्याच, निकाल दोन टोकांचे. फ्रान्सच्या आज्या उन्हात जात नव्हत्या, खाणं बेताचं, मुळातच उपाशी हाडं. अमेरिकेतल्या बायका गोळीआधीच बऱ्यापैकी भरल्या ताटावर होत्या. तूट असते तिथंच भरपाई लागू पडते. म्हणून मघाशी तुमच्या वहीतलं जेवण मोजत बसले.

आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला असेल, तर मुलीचा धोका वाढतो. हाड मोडण्याचा धोका मोजणारं फ्रॅक्स नावाचं गणित शेफील्ड विद्यापीठातून आलं आहे, त्यात हा प्रश्न स्पष्ट विचारतात. तेव्हा तुम्हाला डेक्सा तपासणी (क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजतात ती) हवी, कमरेच्या मणक्यांची आणि खुब्याची. शिबिरातलं टाचेचं मशीन अल्ट्रासाउंडचं होतं. त्याच्या आकड्यावरून हाडं ठिसूळ आहेत हे ठरत नाही. ते फार तर ‘पुढची तपासणी करा’ एवढं सांगू शकतं, आणि तपासणी करा म्हणायच्या ऐवजी त्यांनी पॅकेज विकलं. मला या शिबिरांचा राग आहे, लपवत नाही. ४,८०० रुपयांत तुमची डेक्सा झाली असती. मिरज शेजारी आहे, तिथं चौकशी करा.

डेक्साच्या कागदावर टी-स्कोअर असतो. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये हाड विरळ, याला घाबरायचं नाही पण बसूनही राहायचं नाही. उणे २.५ किंवा त्याखाली आला तर तो ऑस्टिओपोरोसिस, आणि मग प्रश्न पूरक गोळ्यांचा राहत नाही, औषधाचा होतो. आठवड्याला एकदा घ्यायची अलेंड्रोनेट असते, वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक अॅसिड असतं, आणखीही आहेत. ही दोन्ही औषधं पोखरणाऱ्या पेशींनाच आवरतात. तेव्हा कॅल्शियम-डी बरोबर लागतंच, पण जोडीला. कॅल्शियम घेतेय म्हणून औषध नको, असं म्हणणाऱ्या बायका मी खुबा मोडल्यावर पाहिल्यात.

जरा बाजूला जाऊन एक सांगते, कारण हे पत्र आणखीही कुणी वाचेल. मला लिहिणाऱ्या कितीतरी जणींची पाळी ‘गेलेली’ नसते, पिशवी काढलेली असते, आणि बरोबर अंडाशयंही काढलीत की नाही हे त्यांना माहीतच नसतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली. ज्यांची अंडाशयं तिशी-पस्तिशीत गेली, त्यांच्या हाडांची झीज पंधरा वर्षं आधी सुरू होते. त्यांनी पन्नाशीची वाट बघायची नाही. जुने कागद काढून बघा, डॉक्टरांना विचारा. त्यांच्यासाठी संप्रेरकांच्या उपचाराचाही विचार करावा लागतो.

आता हाड भक्कम करायची गोष्ट. ती कुठल्याच डब्यात नाही. हाडावर ताण पडला की ते भरतं. नुसतं चालणं मनाला, साखरेला चांगलं, हाडाला थोडंच. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांपैकी निम्म्यांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली चांगलं जड वजन उचलायला लावलं. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. २०१८ चा अभ्यास आहे हा. तुम्ही उद्याच वजनं उचलू नका. आधी डेक्सा, मग फिजिओथेरपिस्टला गाठा, मग हळूहळू. उठाबशा, जिने, भिंतीला हात टेकवून टाचा वर करून धपकन खाली आपटणं, इथून सुरुवात होते. मंगळागौरीचे खेळ तुम्ही घेता असं लिहिलंय. झिम्मा आणि फुगडीत उड्या आहेत, तोल आहे, हाडासाठी अस्सल. डेक्सा उणे २.५ च्या खाली आली तर मात्र फुगडी बंद, आणि कमरेतून वाकून पायाचे अंगठे धरायची आसनंही बंद, कारण विरळ झालेला मणका पुढं वाकताना चेपतो.

आणि प्रथिनं. हाडाचा मोठा भाग प्रथिनाचा असतो हे सगळे विसरतात. वजनाच्या किलोमागं एक ग्रॅम हवं. तुमच्या ताटात वरण पातळ आहे. दाटसर करा, उसळ रोज ठेवा, अंडं चालत असेल तर अंडं.

जाऊबाईंची कोलॅजेन पावडर फोडू नका. पोटात गेलं की तेही पचून तुकडेच होतात. तिच्या बाजूनं जे अभ्यास आहेत ते छोटे आहेत, आणि हाडं मोडणं कमी झालं असं त्यांतून दिसलेलं नाही. त्या पैशात महिनाभराची अंडी-पनीर येतात. शिबिराच्या गोळीतलं व्हिटॅमिन के-२ म्हणाल, तर जपानात ते ऑस्टिओपोरोसिसला देतात ते रोज ४५ मिलिग्रॅम. तुमच्या गोळीत ५० मायक्रोग्रॅम आहे. मिलि आणि मायक्रोत हजाराचा फरक आहे, आणि जाहिरात जपानचं नाव सांगते, मात्रा सांगत नाही. कुणी रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिनसारखी गोळी घेत असेल तर त्यांनी व्हिटॅमिन के असलेलं काहीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. मॅग्नेशियम, झिंक तुम्हाला डाळी-दाण्यांतून मिळतंय.

न्हाणीघराचं विसरू नका. खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडूनच. रात्री दोनदा उठता, तर वाटेत दिवा लावून ठेवा, ओल्या फरशीवर रबरी चटई टाका, भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. चष्म्याचा नंबरही तपासून टाका.

तुमच्या यजमानांना सांगा की गमी हे चॉकलेट नव्हे. मुतखडा झालेल्या माणसानं कॅल्शियमच्या गोळ्या, गमी विचारल्याशिवाय खाऊ नयेत. मात्र खडा झाला म्हणून ते दूध-दही सोडून बसले असतील, तर तेही चूक. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच पकडतं, आणि खडा व्हायची शक्यता उलट कमी होते.

रिपोर्ट आले की पाठवा. कॅल्शियम जास्त आलं तर डॉक्टर पीटीएचही (पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) बघायला सांगतील, ते करून घ्या. आणि पुतण्याला फोन कराल तेव्हा सांगा, पुढच्या खेपेला गमी नको, न घसरणाऱ्या तळव्याचे चांगले बूट आण. पायाचं माप आधी कळवून ठेवा.